वहीतला बरा माणूस

आई, मी रोज सकाळी पोरीच्या पाळणाघराच्या वहीत खोटं लिहिते, आणि ते लिहिताना मला जितकं शांत वाटतं तितकं दिवसभरात दुसऱ्या कशानेच वाटत नाही. हे ऐकून तू चष्मा नाकावर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं असतंस, म्हणून आधी तेच सांगून टाकलं. तू गेलीस त्याला आता पंधरा वर्षं होतील. मधल्या काळात माझं लग्न झालं, जपानात आले, पोर झाली. तू ना जावई बघितलास ना नात. एवढ्या वर्षांत तुला चार ओळी लिहायचं सुचलं नाही आणि आज बसले, कारण आज मला ओरडा खायचाय, आणि तुझ्याइतकं नीट ओरडणारं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.

वहीचं आधी सांगते. पोर तीन वर्षांची होत आलीय. बाकी पाळणाघरांत आता सगळं फोनवर भरतात, आमच्या फुनाबोरीच्या पाळणाघरात अजून वहीच चालते. डावं पान घरच्यांचं, उजवं सेन्सेईंचं, म्हणजे तिथल्या बाईंचं. डावीकडे रकाने असतात: रात्री किती वाजता झोपली, सकाळी काय खाल्लं, शी झाली का, ताप किती, मूड कसा, आज न्यायला कोण येणार. आणि सगळ्यात खाली एक मोठी चौकट, घरी काय काय झालं ते लिहायला. सकाळी साडेसातला मी ओट्याशी उभी राहून हे भरते. एका हाताने पोरीच्या डब्यातलं ऑम्लेट कापत असते, दुसऱ्या हातात पेन. ताप छत्तीस पॉइंट सहा. कधी सहा, कधी सात, कारण रोज एकच आकडा बरा दिसत नाही. थर्मामीटर खणातच असतो.

हो, माहितीय तुला काय आठवलं. मलाही तेच आठवतं. मी तिसरीत होते, शाळा सुटली की तुझ्या वॉर्डात येऊन ड्यूटी रूमच्या बाकड्यावर गृहपाठ करत बसायचे, कारण बाबा नव्हते आणि घरी कुलूप. त्या दिवशी नर्सिंगच्या ट्रेनिंगची एक पोरगी तुझ्या टेबलाशी बसून अख्ख्या रांगेचे ताप खुर्चीतूनच भरत होती. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, खाली तसंच. तू तिचा हात धरलास, थर्मामीटरची वाटी उचललीस आणि तिला पहिल्या खाटेपासून चालवत नेलंस. मीही मागे मागे आले, मला वाटलं गंमत आहे. सातव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला एकशे तीन ताप निघाला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्याने कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती. तू त्या पोरीला म्हणालीस, "ज्याला तू बघितलंच नाहीस, त्याला बरा म्हणून मोकळी झालीस?" आवाज चढवला नव्हतास. ती रडायला लागली तेव्हा तिला तू पाणी दिलंस आणि मग सगळा चार्ट पुन्हा करायला लावलास.

आता माझ्या घरी भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस म्हणजे तुझा जावई. चांगला आहे गं, म्हणजे होता, म्हणजे आहे. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, इथल्या कंपनीत सात वर्षं काम केलं, जपानी माझ्यापेक्षा उत्तम. गेल्या शरदात एका सकाळी तो ऑफिसला म्हणून निघाला आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिला. एक गाडी गेली, दुसरी गेली, अशा किती गेल्या त्यालाही सांगता येत नाही. दुपारी स्टेशनवरच्या माणसाने विचारपूस करून फोन लावला तेव्हा मी कामावरून धावत गेले. तो मला म्हणाला, "दार उघडत होतं गं, पण पाय उचलत नव्हता." डॉक्टरांनी रजा लिहून दिली, गोळ्या दिल्या, महिन्यातून दोनदा बोलावतात. तेव्हापासून आतली खोली, ओढलेला पडदा आणि तो. जेवण ठेवलं तर अर्धं खातो. विचारलं तर उत्तर देतो, पण एका शब्दाचं. त्याच्या आईबाबांना पुण्यात सांगितलंय की सध्या घरून काम चालू आहे. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो तेव्हा तो पाच मिनिटं शर्ट घालतो.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नागपूरची एक बाई राहते. मनाने चांगली आहे, पण तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक व्हिडिओ असतो. मी एकदा लिफ्टमध्येच रडले तर म्हणाली, "जर्नलिंग कर ना गं! रोज दहा मिनिटं. मनात जे असेल ते लिहून काढायचं, आणि दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी. इतकं पीसफुल वाटतं म्हणून सांगू!" मी लगेच वही आणली. इथे वह्या इतक्या सुंदर मिळतात की विकत घेतानाच अर्धं बरं वाटतं. पहिल्या पानावर 'आज' लिहिलं आणि पेन थांबलं. मनात जे होतं ते कागदावर बघायची माझी तयारी नव्हती. 'आजही उठला नाही' असं लिहिलं की ते झालंच ना खरं. ती वही चार महिने कोरी पडून होती, तुला लिहितेय ती हीच.

पण पाळणाघराची वही कोरी ठेवता येत नाही. तिथे लिहावंच लागतं, रोज, दार उघडायच्या आत. पहिल्यांदा मी फार लहान थाप मारली. रविवार अख्खा पोरीने टॅबलेटवर कार्टून बघण्यात घालवला होता, कारण मी गाद्या, कपडे, आठवड्याचा स्वयंपाक यात आणि तो आत. ते कसं लिहायचं? मग लिहिलं की पापाने आणि तिने मिळून पोळ्या लाटल्या, तिची पोळी जपानच्या नकाशासारखी झाली. मला वाटायचं की बाप घरी असतो हे कळलं तर विचारतील, मग पोरीला इथे कशाला ठेवता? जागा गेली तर माझी नोकरी जाईल, आणि सध्या घर माझ्याच नोकरीवर आहे. म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी उजव्या पानावर सेन्सेईंचं उत्तर होतं, त्यांच्या त्या गोल, ठसठशीत अक्षरात: किती छान बाबा आहेत, आम्हालाही ती पोळी बघायला आवडली असती. आई, मला इतका आनंद झाला की मी सायकल ढकलत घरी आले, तिच्यावर बसायचं भानच राहिलं नाही.

मग सुटलेच. पापाने तिला नदीच्या बांधावर सायकल शिकवली. पापाने गणपतीची गोष्ट सांगितली, ती उंदराचंच विचारत राहिली. पापाने अंघोळीत तिच्या केसांची शिंगं केली. शब्दकोश घेऊन बसायचे, एखादा चांगला शब्द मिळाला तर तो वापरण्यासाठी प्रसंग रचायचे. रात्री पडल्या पडल्या उद्या काय लिहायचं ते ठरवायचे आणि झोप लागायची, न गोळी घेता. त्या चौकटीत एक घर होतं, त्या घरात सकाळी पडदे उघडे होते आणि एक माणूस हसत होता. दहा मिनिटं मी तिथे राहून यायचे. नागपूरची बाई एकदा म्हणाली, "चेहरा खुललाय तुझा, करतेयस ना जर्नलिंग?" मी म्हटलं, हो.

तुझ्यावर मी पंधरा वर्षं रागावलेली आहे, हे तुला माहीत नसेल. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात, तू मिरजेत. रोज संध्याकाळी होस्टेलच्या जिन्यात बसून फोन करायचे. तू म्हणायचीस, "बरी आहे गं. आज वरणभात खाल्ला, वर ताक प्यायले. तू सबमिशनचं बघ." रोज वेगळा पदार्थ सांगायचीस. एकदा तर म्हणालीस की थालीपीठ लावलं होतं आणि जरा करपलंच. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं की त्या महिन्यात तुझ्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं, आणि वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सना तू शपथ घातली होतीस. मी आले तेव्हा तू ओळखायच्या पलीकडे गेली होतीस. पोरीबाळींना चार्ट पुन्हा करायला लावणारी तू, स्वतःचा चार्ट माझ्यापाशी असा भरलास? मला राग होता तो याचा. तू मला बघू दिलं नाहीस याचा. पण हल्ली सकाळी ओट्याशी उभी असताना मला ते करपलेलं थालीपीठ आठवतं. ते करपलं होतं असं सांगायची काही गरज नव्हती, आई. खोटं पटावं म्हणून कुणी एवढं करत नाही. तुला त्या वेळी तो वास आला असणार. फोनवर बोलत होतीस तेवढा वेळ तू गॅसपाशी उभी होतीस, धडधाकट, आणि तुला बरं वाटत होतं. हे कळलं म्हणून राग गेला असं नाही. फक्त आता रागावताना मी स्वतःलाही त्यात धरते.

गेल्या सोमवारी मी लिहिलं की रविवारी पापा तिला पार्कातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले आणि दोघांनी कितीतरी वेळ पेंगुइन बघितले. सेन्सेईंनी ते सगळ्या पोरांसमोर तिला विचारलं असणार. संध्याकाळी दारातच मला म्हणाल्या, "आज काय सुंदर सांगितलं तिने! पेंगुइन कसा चालतो ते करूनही दाखवलं." मी हसले, मान लववली, पोरीचे बूट घातले. तिने सांगितलं? ती तर गेलीच नव्हती. घरी आल्यावर तिने बूट भिरकावले आणि तडक आतल्या खोलीचं दार ढकललं, जे ती कधी ढकलत नाही. "पापा, पेंगिन-सान इता यो ने?" पेंगुइन होते ना, असं विचारत होती. आणि मग त्याच्या गादीभोवती हात बाजूला धरून डुलत डुलत चालायला लागली. तिला ते खरंच आठवत होतं गं. माझ्या पोरीच्या डोक्यात एक रविवार आहे, जो मी ओट्याशी उभी राहून लिहिला.

तो उठून बसला. आधी तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "वही दे."

त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. पाच महिन्यांत त्याने पाच ओळी सलग वाचल्या नव्हत्या. मी भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासत होते. पोर टेबलाखाली पेंगुइन होऊन बसली होती. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला.

"कोण आहे गं हा माणूस?"

मी नळ बंद केला.

"बरा आहे. मला आवडला." मग थांबून म्हणाला, "म्हणजे आता मी उठलो नाही तरी चालेल. इथे मी उठलेलोच आहे ना."

"असं काय बोलतोस? मी पाळणाघरातली जागा जाईल म्हणून लिहिलं. बाप घरी आहे म्हटल्यावर—"

"आजारपण चालतं. वॉर्ड ऑफिसच्या फॉर्मवर रकाना आहे तसा. डॉक्टरचं पत्र लावायचं. मी शोधून ठेवलं होतं."

"कधी?"

"थंडीत कधीतरी. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो परत आत गेला आणि दार हळूच लावून घेतलं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला तुझं ते वाक्य ऐकू आलं, अगदी तुझ्या आवाजात. मी त्याला जेवण दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, डॉक्टरकडे नेलं होतं. बघितलं मात्र नव्हतं. मला ज्याच्याकडे बघायला आवडत होतं तो वहीत होता, आणि आतला माणूस मला त्याच्या आड येणारा वाटायला लागला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो ओट्यापाशी आला. चुरगळलेला टी-शर्ट, वाढलेली दाढी, डोळे उजेडाने बारीक झालेले. पेन मागितलं. मी आकडे भरून चौकट रिकामी ठेवली होती, काय लिहावं ते सुचतच नव्हतं. त्याने त्या चौकटीत त्याच्या चौकोनी अक्षरात सावकाश तीन ओळी लिहिल्या. मी त्याच्या खांद्यावरून वाचल्या. 'आम्ही पेंगुइन बघायला गेलो नव्हतो. मी शरदापासून आजारी आहे. रविवारी दुपारी मुलगी माझ्या दाराबाहेर बसून गाणं म्हणत होती, मी आतून सगळं ऐकलं, पण दार उघडता आलं नाही.' पेन खाली ठेवून तो गादीवर परत गेला. पोर तिथे बसते हेच मला माहीत नव्हतं. मी रविवारी दुपारी बाजारात जाते.

आई, पाच महिन्यांत त्या वहीत लिहिलेली ती पहिली खरी गोष्ट होती. आणि मी काय केलं? पोरीला सायकलवर मागे बसवून निघाले, वाटेत कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तासांच्या दुकानात शिरले, दुधाच्या खोक्यांच्या मागच्या रांगेतून पांढरी करेक्शन टेप घेतली, आणि दुकानाबाहेर, सायकलच्या सीटवर वही ठेवून, त्या तीन ओळींवरून फिरवली. वर लिहिलं, काल पापाबरोबर बाल्कनीत साबणाचे फुगे उडवले. पोर मागून विचारत होती, "ममा, नानि शितेरु नो?" काय करतेयस? मी म्हटलं, चुकलंय ते दुरुस्त करतेय. लाज वाटली म्हणून केलं, हे खरं आहे; सेन्सेईंना काय वाटेल, पाच महिने ही बाई आपल्याला बनवत होती. पण तेवढंच नाही. मला ते घर सोडवत नव्हतं. त्याने तीन ओळींत माझं घर पाडलं याचा मला राग आला होता, आजारी माणसाचा, खरं बोलणाऱ्या माणसाचा राग.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा तो बाहेरच्या खोलीत बसला होता. अंघोळ केलेली. पडदा एका बाजूने सरकवलेला. पोर थबकली, मग त्याच्या मांडीवर जाऊन बसली, जणू रोजच बसते. तो म्हणाला, "सेन्सेईंनी काय लिहिलंय?" वही माझ्या पिशवीत होती. उजव्या पानावर लिहिलं होतं, फुगे! किती मजा आली असेल. मी म्हटलं, "वही आज तिथेच राहिली." त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो बाहेर, पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं की महिनाअखेर आहे, सगळ्यांच्या वह्या तपासायला ठेवून घेतल्यात. रोज सकाळी तो उठायच्या आत मी वही भरून पिशवीत खाली घालते. काल त्याने दाढी केली होती. गाल कापला होता एका ठिकाणी. म्हणाला, "जास्तच लिहिलं का मी? त्यांना अवघडल्यासारखं झालं असेल." मी म्हटलं, नाही रे, लिहितील. त्याच्या चेहऱ्याकडे मी या वेळी बघितलं, आई, नीट बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो कशाची तरी वाट बघत होता. त्याने एका अनोळखी बाईला खरं सांगितलं होतं आणि ती त्यावर काय म्हणते याच्यासाठी तो अंथरुणातून उठला होता. आणि तिच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही.

काय करायचं ते मला कळतं. टेप नखाने खरवडली तर निघते. किंवा सेन्सेईंना दारात सगळं सांगता येईल, माझ्या मोडक्या जपानीत, पाच मिनिटांचं काम आहे. किंवा त्यालाच सांगायचं. आज पोरीला सोडताना मी तोंड उघडलं होतं. सेन्सेई वाकून थांबल्या होत्या. मी म्हटलं, आज मोजे एक जोडी जादा ठेवलेत. आता नदीच्या बांधावर बसून तुला लिहितेय, ऑफिसात कळवलंय की उशीर होईल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे एक झालंच, पण तू मिरजेत असतीस तरी मी ते पाठवलं नसतं. संध्याकाळी फोन करून सांगितलं असतं की आम्ही सगळे मजेत आहोत, आज भरली वांगी केली, जरा तिखटच झाली.

आणखी एक राहिलं. आज पहाटे मी एका कोऱ्या कागदावर सेन्सेईंचं अक्षर गिरवून बघितलं. त्याला जे उत्तर यायला हवं होतं तेच लिहिलं, दोन ओळींचं. हुबेहूब जमलंय. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे, मी अजून फाडलेला नाही.